मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतल्या प्रयोगशाळांच्या यंत्रांची उघडी यादी करतोय, रकाने सुचवा

मांजराकाठ (सोमवार, रात्री ९:४०)

मंडळी, नमस्कार. लातूरकडच्या एका अनुदानित महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवतो. गेल्या सत्रात एमएस्सीच्या एका मुलीला सहा नमुन्यांचे एफटीआयआर (अवरक्त किरणांनी पदार्थ ओळखायची चाचणी) काढून हवे होते. आमच्याकडं यंत्र नाही. ओळखीपाळखीत फोन फिरवले. कुणाचं बंद, कुणाचे सर रजेवर, कुणी म्हणालं ‘प्राचार्यांचं पत्र आणा, मग बघू’. शेवटी पुण्याच्या एका खासगी लॅबला कुरिअर केलं. अठरा दिवसांनी पीडीएफ आली, तीही चारच नमुन्यांची. दोन पुड्या वाटेत फुटल्या होत्या.

पुढच्याच आठवड्यात एका लग्नाच्या पंगतीत शेजारचे गृहस्थ बोलता बोलता म्हणाले, “एफटीआयआर? आहे की आमच्या कॉलेजात. झाकून ठेवलेलं असतंय.” त्यांचं कॉलेज माझ्या घरापासून चाळीस किलोमीटर! जिलबी घशाखाली उतरेना.

तेव्हापासून डोक्यात एकच किडा वळवळतोय. संभाजीनगरचं आणि नांदेडचं विद्यापीठ, परभणीचं कृषी विद्यापीठ, लातूर-धाराशिवची उपकेंद्रं, जालन्याचा आयसीटीचा परिसर आणि गावोगावची महाविद्यालयं, या सगळ्यांकडं मिळून काय काय आहे, याची एक साधी यादी नेटवर उघडी असावी. लॉगिन नाही, पासवर्ड नाही, कुणीही बघावी. सुट्टीत मी बसून भरायला तयार आहे.

प्रश्न एवढाच: रकाने कोणते ठेवू? यंत्राचं नाव, कंपनी, मॉडेल, खरेदीचं वर्ष, किंमत, विभाग एवढं सुचलंय. आणखी काय?

जमाखर्च (सोमवार, रात्री १०:०५)

सर, हेतू चांगला आहे, पण आय-स्टेम आहे ना! केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाचं पोर्टल आहे. जानेवारी २०२० मध्ये बंगळुरूच्या विज्ञान काँग्रेसला पंतप्रधानांनी उद्घाटन केलं. यंत्र शोधा, वेळ आरक्षित करा, पैसे भरा, सगळं तिथंच. घरात गॅस असताना दुसरी चूल कशाला मांडताय?

सातवं_वर्ष (सोमवार, रात्री १०:३१)

आय-स्टेम मी वापरलंय (नावावरून कळलंच असेल, पीएचडी चालू आहे, शुभेच्छा नकोत). चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. पण तिथं मोठ्या संस्थांची मोठी यंत्रं शोधायला मजा येते. चाळीस किलोमीटरवर झाकून ठेवलेला एफटीआयआर तिथं भरणार कोण? आपल्याकडच्या कॉलेजांना आयडी-पासवर्ड मिळतो, तो ज्या सरांच्या मेलवर आला ते सर निवृत्त होतात, विषय संपला.

आणि नमुने नेण्याचं म्हणाल तर माझ्या आयुष्याची चार वर्षं त्यातच गेली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची सैफ (मोठ्या यंत्रांची सामायिक सुविधा), मुंबईची आयआयटीची सैफ, दोन्हींच्या पायऱ्या झिजवल्यात. एकदा बर्फाच्या डब्यात बारा कुप्या घेऊन रात्रीच्या एसटीनं निघालो. कंडक्टर म्हणाला, “आईस्क्रीम हाय का?” म्हटलं, नॅनोकण आहेत. तो म्हणाला, “असू दे, मांडीवर घे, वर ठेवू नको.” पहाटे उतरलो तर बर्फाचं पाणी, पाण्यात लेबलं तरंगत होती. कोणती कुपी कोणाची, ते फक्त त्या कंडक्टरला आणि देवाला ठाऊक.

अवांतरकर (सोमवार, रात्री १०:३८)

म्हणून थीसिसमध्ये ‘नमुना क्र. ७ आश्चर्यकारक गुणधर्म दाखवतो’ असं लिहिलंय वाटतं.

सातवं_वर्ष (सोमवार, रात्री १०:४०)

बाबौ, तुम्ही माझे परीक्षक तर नाही ना?

परभणी_ते_जर्मनी (सोमवार, रात्री ११:५२)

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे मी अक्षरशः जगलेलो असल्यामुळे दोन शब्द बोलण्याचा हक्क आहे.

इथं आमच्या संस्थेत प्रत्येक यंत्रावर एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर एका माणसाचं नाव आणि फोन. त्या माणसाला म्हणतात गेरेटेफेरांटवोर्टलिशर. (शब्द एवढा लांब आहे की तो उच्चारेपर्यंत बिघाड आपोआप दुरुस्त होतो.) अर्थ साधा आहे, यंत्राचा पालक. प्रोफेसर कितीही मोठा असो, पालकानं शिकवल्याशिवाय आणि हो म्हटल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. डीएफजी या त्यांच्या संशोधन-निधी संस्थेचं ‘रिसोर्सेस’ नावाचं पोर्टलही आहे, कोणती सुविधा कुठं ते सांगणारं. पण रोजचं काम चालतं त्या चिकटवलेल्या कागदावर.

म्हणून माझा रकाना: पालकाचं नाव. विभागाचं नको, माणसाचं.

प्रा_हेमाडपंती (मंगळवार, सकाळी ७:१५)

मी थोडं कडू बोलणार आहे, राग मानू नये.

माझ्या विभागात जी तीन यंत्रं आहेत, ती डीएसटीच्या (केंद्राचा विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग) ‘फिस्ट’ योजनेतून आली. प्रस्ताव लिहिणं, दिल्लीला सादरीकरण, निविदा, तुलनात्मक तक्ता, खोलीला वातानुकूलन, वेगळं अर्थिंग, यूपीएस यात माझी चार वर्षं गेली. एक्सआरडीत (स्फटिकांची रचना दाखवणारं यंत्र) क्ष-किरण असतात म्हणून एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी घ्यावी लागते, त्या कागदांची फाइल वेगळीच. या चार वर्षांत माझा एकही पेपर आला नाही, आणि त्यावरून पदोन्नतीच्या मुलाखतीत मला ऐकून घ्यावं लागलं.

आता यादी उघडी झाली की उद्यापासून दहा फोन. “सर, आमचं पोरगं पाठवतोय, तेवढं बघा.” बघतो की. पण दिवा गेला, कॉलम गेला तर पैसे कोण देणार? आमचेच विद्यार्थी रांगेत असतात. दुसऱ्याची म्हैस चारायला नेणारे पुष्कळ असतात हो, वैरणीला कुणी येत नाही.

मांजराकाठ (मंगळवार, सकाळी ७:५०)

सर, राग कशाला? तुमची चार वर्षं माझ्या हिशेबात नव्हती, ती धरायलाच हवीत. पण ‘पाठवू नका, यंत्र फक्त आमच्यासाठी’ असं लिहायची सोय यादीत ठेवली तर? आहे हे तरी कळेल.

फळा_खडू (मंगळवार, सकाळी ८:२०)

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. आमच्या पोरांना यंत्र वापरायचं नाही, नुसतं *बघायचं* आहे. बारावीच्या पुस्तकात ब्रॅगचा नियम आहे असं समजा, एक्सआरडी कसं दिसतं ते फळ्यावर किती काढणार? हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो वेधशाळा होणार म्हणून पोरं गुरुत्वीय लहरींवर निबंध लिहितात, पण साधा लेझर जवळून पाहिलेला नसतो. ‘भेट चालेल का, कोणत्या वारी’ एवढा एक रकाना ठेवा सर.

डेडस्टॉक (मंगळवार, दुपारी १:३०)

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी प्रयोगशाळा सहायक. एकवीस वर्षं झाली. वर प्राध्यापक मंडळी बोलायलेत म्हणून गप होतो, पण यंत्राजवळ आम्ही असतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली. हेमाडपंती सर खरं बोलायलेत. बाहेरचं पोरगं आलं की मला धडकी भरते. मागं एकजण एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) बसला. फॉस्फेट बफर (क्षाराचं द्रावण) वापरला आणि संध्याकाळी गाडी गाठायची म्हणून पंप बंद करून गेला. बफर आत तसाच. सोमवारी बघतो तर पंपाच्या सीलवर मीठ जमलेलं अन् कॉलमचं प्रेशर आभाळाला. बफर वापरला की आधी नुसतं पाणी बराच वेळ, मग मिथेनॉल-पाणी, मग बंद, एवढंच करायचं असतंय. सरळ मिथेनॉल सोडलं तरी मीठ आतच साखळतंय. पोराचं चुकलं म्हणावं तर त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. ती तारीख रजिस्टरात माझ्या सहीनं आहे, त्याच्या नाही.

दुसरी. हे जे म्हणतात ना की झाकून ठेवलंय, वापरत नाहीत, सांभाळून ठेवलंय. एफटीआयआर सांभाळून ठेवलं की मरतंय. आतली काच पोटॅशियम ब्रोमाइडची असती, म्हणजे मीठच ते. पावसाळ्यात दमट हवा खाऊन धुरकट होती. यंत्र चालू ठेवावं, आतली ओल शोषणारी सिलिका निळीची गुलाबी झाली की भट्टीत तापवून परत घालावी. जे रोज चालतंय ते टिकतंय. मांजराकाठ सर, त्या लग्नातल्या पाहुण्यांना सिलिकाचा रंग विचारा. गुलाबी असली तर तुमची पुण्याची लॅबच बरी होती म्हणा.

आता रकाना. किंमत लिहू नका, कामाची नाही. चालू / बंद / अर्धवट लिहा आणि शेवटचं कधी चाललं, ती तारीख. बाकी सगळं मागाहून.

अवांतरकर (मंगळवार, दुपारी १:४४)

‘अर्धवट’ रकान्यात माणसं पण चालतील का? आमच्या ऑफिसातली तीन नावं आहेत.

वाळूजचा_संगणकवाला (मंगळवार, दुपारी २:१०)

डेडस्टॉक काका, _/\_. हा प्रतिसाद चौकट करून लॅबमध्ये लावा कुणीतरी.

तांत्रिक बाजू मी सांगतो. पोर्टल बांधू नका, प्लीज. पोर्टलला निधी लागतो, निधीला उद्घाटन लागतं, उद्घाटनानंतर कुणी बघत नाही. ब्रिटनमध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या लोकांनी चालवलेली एक यादी होती, इक्विपमेंट डॉट डेटा डॉट एसी डॉट यूके. त्यांनी विद्यापीठांना ‘आमच्याकडं येऊन भरा’ असं म्हटलंच नाही. प्रत्येक विद्यापीठानं आपला तक्ता आपल्याच संकेतस्थळावर ठेवायचा, यांचा प्रोग्राम तिथून उचलून एकत्र करणार. मालकी ज्याची त्याची. तक्त्याला एक ठरलेला साचा होता, पण बंधन फार थोडं, यंत्राचं नाव आणि संपर्काची काहीतरी सोय असली की झालं. जास्त माहिती देणाऱ्याला शाबासकी म्हणून कांस्य, रौप्य, सुवर्ण असे दर्जे.

यातून उचलायचं ते एवढंच: सक्तीचे रकाने दोन-तीन, बाकी ऐच्छिक. सुरुवातीलाच वीस रकाने ठेवलेत तर भरणारा तिसऱ्यावर चहाला उठतो, परत येत नाही. एक शेअर केलेली शीट, महिन्याला एकदा सीएसव्हीत (साध्या मजकुराची तक्ता-फाइल) जतन, बस. सीएसव्ही दहा वर्षांनीही उघडेल.

जमाखर्च (मंगळवार, दुपारी ३:०२)

सकाळपासून वाचतोय. मी लेखा विभागात आहे, म्हणून दोन अडचणी आधीच सांगून ठेवतो.

एक, पैसे. बाहेरच्या नमुन्याचं शुल्क घेतलं की ते बहुतेक ठिकाणी सर्वसाधारण निधीत जमा होतं. विभागानं दिवसभर राबायचं आणि दिव्याच्या बदलीसाठी पुन्हा अर्ज करायचा. त्यामुळं मन लागत नाही. उपाय म्हणजे विभागाच्या नावे फिरता निधी. शुल्क त्यात, दुरुस्ती त्यातून. ठराव मंजूर करून घ्यावा लागतो, पण अशक्य नाही. डीएसटीची २०२२ ची ‘श्रीमान’ मार्गदर्शक तत्त्वं नेमकी याचसाठी आहेत, यंत्रं वाटून वापरा आणि त्यांची देखभाल करा. त्याची प्रत ठरावाला जोडली की समितीत प्रश्न कमी येतात. (अनुभवाचे बोल.)

दोन, भीती. ‘बंद’ असं उघड्या यादीत लिहायला एकही विभागप्रमुख तयार होणार नाही. लेखापरीक्षणाला जो येईल तो छापून आणेल आणि विचारेल, एवढ्या लाखांचं यंत्र बंद का? म्हणून कागदावर सगळी यंत्रं चालू असतात. निर्लेखनाचा (यंत्र नोंदीतून काढून टाकायचा) प्रस्ताव पाठवायचा तर सतरा सह्या.

सातवं_वर्ष (मंगळवार, दुपारी ३:२०)

आमच्याकडं नॅकची (महाविद्यालयांना दर्जा देणारी) समिती यायच्या आदल्या दिवशी सगळ्या यंत्रांवरचे हिरवे दिवे लागतात. समिती गेली की मालवतात. दिवाळीच म्हणा.

गोदाकाठची_सून (मंगळवार, दुपारी ४:०५)

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

गोदाकाठची_सून (मंगळवार, दुपारी ४:१६)

आधी रागात लिहिलं होतं, म्हणून काढलं. डीएनए बारकोडिंग (डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून जीवाची जात ओळखणं) करते. संभाजीनगरच्या विद्यापीठात पॉल हेबर्ट केंद्र आहे हे मला कळलं कसं, तर कॅनडातल्या एका बाईच्या भाषणातून! मी राहते पैठणला, पन्नास किलोमीटरवर. तोवर नमुने हैदराबादला पाठवत होते. आपल्या अंगणातलं आपल्याला परदेशातून कळावं याचा राग आला होता. यादीला माझं अनुमोदन. नमुना किती लागतो आणि कसा आणायचा, हे लिहा. अल्कोहोलमध्ये आणायचं की गोठवून, हे न कळल्यानं माझी एक खेप वाया गेली आहे.

हळदीचं_पान (मंगळवार, रात्री ८:३५)

मी प्राध्यापक नाही, विद्यार्थी नाही. वसमतकडचा हळद उत्पादक. आमची शेतकरी कंपनी आहे. चुकीच्या धाग्यावर आलो असेन तर सांगा.

आमचा व्यापारी म्हणतो कुरकुमीन (हळदीला पिवळा रंग देणारा घटक) किती टक्के ते सांगा, त्यावर भाव. आम्ही कुठून सांगणार? खासगी लॅबचा दर ऐकला की एका पोत्याची हळद तपासणीतच जाते. जवळपास कुठल्या कॉलेजात होतं का? आम्ही पैसे देतो, फुकट नको. फक्त कुणाला फोन करायचा तेवढं कळू द्या. आजवर जिथं गेलो तिथं ‘विद्यार्थ्यांसाठीच आहे’ म्हणाले.

प्रा_हेमाडपंती (मंगळवार, रात्री ९:१०)

भाऊ, धागा चुकलेला नाही. तपासणी एचपीएलसीवर केली तर कुरकुमीन आणि त्याची दोन भावंडं (डिमेथॉक्सी आणि बिसडिमेथॉक्सी) वेगवेगळी मोजता येतात. पण तुमच्या व्यापाऱ्याला एकूण आकडाच हवा असेल तर एवढ्या महागड्या वाटेनं जायची गरज नाही. वाळलेल्या हळदीची बारीक पूड अल्कोहोलमध्ये काढायची, गाळायची, पातळ करायची आणि साध्या यूव्ही-व्हिजिबलवर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) ४२५ नॅनोमीटरला शोषण मोजायचं. सोबत शुद्ध कुरकुमीनचं प्रमाण-द्रावण. मसाल्याच्या धंद्यात हीच रीत चालते. एमएस्सीचं पोरगं दुपारभरात दहा नमुने करेल.

सकाळी जरा जास्त बोललो असेन. माझी तीन यंत्रं लिहून घ्या यादीत. एक्सआरडीपुढं ‘गुरुवार, आधी फोन, नमुना अर्धा ग्रॅम, बारीक वाटलेला’ असं लिहा. खडबडीत चुरा घेऊन येतात आणि रेषा धड येत नाहीत म्हणून यंत्राला शिव्या देतात. एचपीएलसीपुढं ‘डेडस्टॉक यांचा वरचा प्रतिसाद वाचल्याशिवाय नाही’.

अवांतरकर (मंगळवार, रात्री ९:१४)

हेमाडपंती भिंतीचा दगड हलला! चुना न वापरता बांधलेली असते म्हणे.

परभणी_ते_जर्मनी (मंगळवार, रात्री ११:२०)

हळदीवाल्या भाऊंचा प्रतिसाद वाचून इथं दोघा सहकाऱ्यांना भाषांतर करून सांगितला. एकानं विचारलं, वसमत कुठं आहे? म्हटलं, परभणीजवळ. तो म्हणाला, परभणी कुठं आहे? मैत्री संपली.

मांजराकाठ (शुक्रवार, रात्री १०:३०)

तीन दिवस गायब होतो, माफी. शीट सुरू केलीय. सक्तीचे रकाने तीनच ठेवले: यंत्र, पालक आणि त्याचा कार्यालयीन संपर्क, शेवटचं चाललं ती तारीख. ‘बंद’ हा शब्दच काढला, जमाखर्च साहेबांचं पटलं. तारीख जुनी दिसली की ज्याला कळायचं त्याला कळतं, आणि लेखापरीक्षकाला छापायला काही मिळत नाही. ऐच्छिकमध्ये नमुना किती-कसा, बाहेरच्यांना चालेल का, शाळेची भेट (फळा_खडू मॅडम, दोघांनी हो म्हटलंय, एक जालन्याचा, एक नांदेडचा).

आजपर्यंत सतरा ओळी झाल्या. त्यातल्या सहांची तारीख दोन वर्षांपूर्वीची किंवा त्याआधीची. आणि हो, लग्नातल्या पाहुण्यांना फोन केला होता. सिलिका गुलाबी आहे.

डेडस्टॉक (शनिवार, सकाळी १०:५०)

वाटलंच होतं.

सर, ओळ ११ बघितली. नांदेड जिल्ह्यातलं कॉलेज, यूव्ही-व्हिजिबल, शेवटचं २०२१. शेऱ्यात ‘चालू करताना एरर, लॅम्प फेल’ लिहिलंय. कोणता दिवा ते विचारा. त्यात दोन असतात. ड्युटेरियमचा यूव्हीसाठी, तो हजारेक तासांनी जातोच, महाग असतो, म्हणून बदलत नाहीत. दुसरा साधा टंगस्टनचा, दिसणाऱ्या रंगांसाठी. बहुतेक ड्युटेरियमच गेला असणार. सुरू होताना यंत्र स्वतःची तपासणी करतंय, तिथं अडकतंय. बऱ्याच मॉडेलात सेटिंगमध्ये जाऊन तो दिवा बंद ठेवला की पुढं जातंय. मग ३५० च्या वर सगळं मोजता येतं.

अन् हळद ४२५ ला मोजायची म्हणाले ना हेमाडपंती सर?

मांजराकाठ (शनिवार, सकाळी ११:२०)

थांबा, फोन लावतो.

मांजराकाठ (शनिवार, दुपारी १२:४५)

ड्युटेरियमच. तिथल्या सहायकांना काकांनी सांगितलेलं सेटिंग फोनवर सांगितलं, सॉफ्टवेअर उघडलं. परमँगनेटचं जांभळं द्रावण घालून बघितलं, ५२५ च्या आसपास व्यवस्थित शिखर आलं. शेवटचं चाललं: आज.

हळदीचं_पान (शनिवार, दुपारी १:०५)

म्हणजे होईल? बुधवारी येऊ का? आमच्याकडून एसटीनं तासभर. हळकुंडं अख्खी आणू की दळून?

प्रा_हेमाडपंती (शनिवार, दुपारी १:३०)

दळून, बारीक चाळणीनं चाळून, कोरड्या बरणीत. प्रत्येक बरणीवर शेताचं नाव पेन्सिलीनं लिहा, शाईनं नको. अल्कोहोल सांडलं की शाई जाते. प्रमाण-द्रावणासाठी शुद्ध कुरकुमीन माझ्याकडं आहे, थोडं कुरिअर करतो.

सातवं_वर्ष (शनिवार, दुपारी १:३४)

आणि बरणी मांडीवर घ्या, वर ठेवू नका.